तंबू घेऊन कोकण किनाऱ्याने मोटारप्रवास : बडोद्याहून निघणाऱ्या कुटुंबाला मार्गदर्शन हवे आहे

सुरसागरकाठ यांचा प्रश्न

सर्वांना सविनय नमस्कार. येत्या जानेवारीत उत्तरायणाचे दोन दिवस बडोद्यात साजरे करून लगेच आमच्या मोटारीने कोकणात जाण्याचा विचार आहे. मी, माझे यजमान, अकरावीतील मुलगी, सातवीतील मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे आम्ही पाच जण असू. आमचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर असल्यामुळे कोकण आम्हाला अगदीच परके नाही. परंतु आजवर तेथे गेलो ते चिपळूणपर्यंत रेल्वेने, पुढे भाड्याच्या गाडीने, आणि अभिषेक व प्रसाद आटोपून लगोलग परतीच्या वाटेला लागलो. डोंगर झाडीसकट समुद्रात उतरतात असा जो किनाऱ्याकडेचा रस्ता आहे म्हणतात, तो आम्ही कधी पाहिलेलाच नाही. या वेळी तो रस्ताच पाहायचा आहे, आणि शक्य तितक्या रात्री स्वतःच्या तंबूत काढाव्यात अशी मुलांची आणि माझीही मनापासून इच्छा आहे.

तंबूत राहण्याची थोडी सवय आम्हाला आहे. जांबुघोड्याच्या अभयारण्यात आणि डांगात वनखात्याच्या शिबिरांत आम्ही राहिलो आहोत; मात्र तेथे तंबू उभारलेला असतो, राखणदार असतो आणि जेवण वाढलेले मिळते. समुद्रकाठचा वारा, वाळू आणि भरती यांचा हिशेब कसा मांडावा, हे आम्हाला ठाऊक नाही.

कच्चा बेत असा आहे की अलिबागपासून सुरुवात करून रेवस ते रेडी या सागरी मार्गाने वेंगुर्ल्यापर्यंत जावे आणि परतताना मुंबई-गोवा महामार्ग धरावा. हाताशी साधारण दहा दिवस आहेत, आणि नकाशावर रोजचे अंतर फारसे दिसत नाही. हा बेत कितपत जमण्यासारखा आहे? पुळणीवर किंवा रानात तंबू ठोकायचा असेल तर परवानगी कोणाची घ्यावी? भरती-ओहोटीच्या वेळा कशा ओळखाव्यात? सासूबाईंना रोज जमिनीवर झोपणे जमणार नाही, पण त्यांना घरी ठेवून जाणे आम्हाला मान्य नाही. गाडी सीएनजीवर चालणारी आहे, तेही सांगून ठेवते.

खाडीपलीकडे यांचे उत्तर

ताई, नमस्कार. मी बडोद्यातच मांजलपूरला राहतो आणि हिवाळ्यात किनाऱ्याचा एखादा तुकडा निवडून सहकुटुंब तेथे जाण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. बेतातील सर्वांत मोठी अडचण आधी सांगतो. कोकण किनाऱ्यावरचे अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही; ते खाड्यांत मोजावे लागते. सह्याद्रीत उगम पावलेल्या नद्या थोडक्याच वाटचालीत समुद्राला मिळतात आणि प्रत्येकीच्या मुखातून भरतीचे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला राजपुरी, बाणकोट, दाभोळ आणि जयगड या मोठ्या खाड्या एकीमागून एक आडव्या येतात. दोन खाड्यांमधला मुलूखही सपाट नाही. रस्ता खाडीकाठच्या गावातून निघतो, घाटी चढून जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे सपाट माथ्यावर, येतो, थोडा वेळ मोकळा चालतो आणि पुन्हा वळणे घेत पुढच्या पुळणीवर उतरतो. हे दिवसभर चालू असते. ताशी २५-३० किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी धरू नये, आणि मोटारीत मागे बसून ज्यांना मळमळते त्यांचा विचार आधी करावा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की वेंगुर्ले या वेळी सोडून द्यावे. दहा दिवसांतले दोन दिवस बडोदे ते पनवेल आणि परत यांतच जातील. नुसते मुंबईपर्यंतच सुमारे ४०० किलोमीटर होतात, आणि घोडबंदर व ठाण्याच्या परिसरातील वाहतूक पुढचा वेळ खाते. पहाटे ४ वाजता निघून भरूचचा नर्मदा पूल उजाडण्यापूर्वी ओलांडला तर दुपार ढळण्याच्या आत पेणला पोहोचता येते. पहिल्या दिवशी याहून पुढे जाण्याचा आग्रह धरू नका, कारण त्यानंतरचा रस्ता अंधारात चालवण्यासारखा नाही.

आता झाडीविषयी. रान थेट समुद्राजवळ यावे अशी तुमची अपेक्षा असेल तर फणसाड अभयारण्य चुकवू नये. रेवदंडा आणि मुरूड यांच्या दरम्यानचे हे सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. ते १९८६ मध्ये अभयारण्य झाले. समुद्र येथून इतका जवळ आहे की सकाळी शेकरू पाहून दुपारी काशिदच्या वाळूत बसता येते. रानातील नैसर्गिक पाणवठ्यांना तिकडे गाण म्हणतात, आणि कडक उन्हाळ्यातही काही पाणवठे आटत नाहीत, म्हणून प्राणी त्यांच्या आसपासच राहतात. सुपेगाव हे त्याचे मुख्य प्रवेशद्वार आहे. तेथे राहण्याची सोय वनखात्यामार्फत होते, तेव्हा आधी चौकशी करून जावे. जांबुघोड्याची सवय असलेल्या कुटुंबाला रानातली पहिली रात्र येथे सर्वांत सोपी जाईल.

फणसाडनंतर मुरूड, आणि तेथून आगरदांडा. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी मोटार फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडता येते. यांतील दाभोळची सेवा सर्वांत जुनी असून ती २००३ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी दापोलीकडून गुहागरला मोटारीने जायचे तर चिपळूणचा वळसा घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा. सासूबाईंना चढण्या-उतरण्याच्या उतारावर हात धरून न्यावे, कारण ओहोटीच्या वेळी तो शेवाळलेला आणि निसरडा असतो. शनिवार-रविवारी आणि २६ जानेवारीच्या आसपास मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, म्हणून खाडी ओलांडण्याचे काम आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी करावे.

दिघी उतरल्यावर दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता आरावी आणि शेखाडीवरून अगदी पाण्याच्या कडेने जातो. तो पूर्ण दिवस देण्याच्या योग्यतेचा आहे, आणि तुम्ही वर्णन केलेला रस्ता बहुधा हाच असावा. त्यापुढे हरिहरेश्वर, मग सावित्रीची बाणकोट खाडी. माझा सल्ला असा की बाणकोट आणि जयगड या दोन खाड्यांमधला, म्हणजे सावित्रीपासून शास्त्रीपर्यंतचा किनारा हाच तुमचा प्रवास समजावा. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, कोळथरे, दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी हे सर्व त्यातच येते. व्याडेश्वराचे दर्शन घेऊन चिपळूणला महामार्ग गाठला की परतीचा रस्ता सरळ आहे.

सीएनजीचे पंप किनाऱ्याच्या आडवाटांवर विरळ आहेत. पनवेल सोडताना पेट्रोलची टाकीही पूर्ण भरावी आणि संपूर्ण किनारा पेट्रोलवरच होईल असे धरून चालावे. डिकीतली जागा सिलिंडरने व्यापलेली असणार, तेव्हा तंबू आणि अंथरुणे टपावरच्या कॅरिअरवर ताडपत्रीत घट्ट बांधावी लागतील.

जांभादगड यांचे उत्तर

माझे घर गुहागर तालुक्यातील आहे आणि नोकरीमुळे मी बरीच वर्षे मकरपुऱ्यात राहतो. वरील मार्ग योग्य आहे. मी फक्त मुक्कामाविषयी लिहितो, कारण बाहेरून येणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज तेथेच होतो.

डांग किंवा जांबुघोडा येथे जंगल शासनाचे असते, म्हणून वनखात्याची परवानगी घेतली की काम होते. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वन फारच थोडे आहे. रस्त्यावरून जी घनदाट झाडी दिसते ती कोणाची तरी खासगी मालकीची असते, कोणाची आंबा-काजूची बाग असते, किंवा गावाची देवराई असते. ओसाड दिसणाऱ्या सड्यालाही सातबारा असतो आणि त्यावर अनेक भावकींची नावे असतात. तेव्हा रान मोकळे दिसले म्हणून तंबू ठोकू नये. देवराईत तर मुळीच ठोकू नये. तिथली काटकीही न उचलण्याचा रिवाज कित्येक गावांनी आजवर पाळला आहे, आणि आज मोठमोठे जुने वृक्ष दिसतात ते या रिवाजामुळेच.

पुळणीचीही तीच गोष्ट आहे. भरतीरेषेलगतच्या पट्ट्याला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेकडे पोलिसांचे आणि गावकऱ्यांचेही विशेष लक्ष असते. परराज्याच्या पासिंगची गाडी आणि अनोळखी तंबू रात्री पुळणीवर दिसले तर चौकशी होणारच, आणि ती होणे योग्यच आहे. गावात शिरल्यावर दिवसाउजेडी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटावे, कोण, कोठले, किती रात्री हे सांगावे, ओळखपत्रे दाखवावीत. या दहा मिनिटांच्या भेटीने तुमची रात्र निर्धास्त होते, शिवाय जागा कोणती चांगली हेही तेच सांगतात.

माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे घरगुती निवास देणाऱ्या एखाद्या घराचे खळे, म्हणजे अंगण, किंवा आगराची, म्हणजे घरालगतच्या नारळी-पोफळीच्या बागेची, कड. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत अशी घरे आहेत. एक खोली सासूबाईंसाठी घ्यावी आणि अंगणात तंबू ठोकण्याची परवानगी मागावी. न्हाणीघर, विहिरीचे पाणी आणि गरम जेवण तिथेच मिळते, समुद्राची गाज अंथरुणावरून ऐकू येते, आणि आजींना रात्री उठावे लागले तर अंधारात चाचपडावे लागत नाही. खोलीचे आणि जेवणाचे पैसे त्या घरात जातात, हेही मला महत्त्वाचे वाटते. मधूनमधून पूर्ण विश्रांती हवी असल्यास पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने हरिहरेश्वर आणि वेळणेश्वर येथे आहेत.

जागा निवडताना वर पाहावे. नारळाखाली तंबू कधीही लावू नये. नारळ पडण्याची भीती असतेच, पण वाळलेली झावळही माणसाला गंभीर इजा करण्याइतकी जड असते. सुरूच्या बनातली सावली मोहक असली तरी खाली साचलेला पाचोळा ठिणगीसरशी पेटतो. आंब्याच्या बागेत जानेवारीत मोहोर असतो आणि मोहोरावर कीटकनाशकांची फवारणी चालू असते, म्हणून बागेत झोपणे आणि तेथील उघडे पाणी वापरणे दोन्ही टाळावे. सड्यावरचे गवत तोपर्यंत पूर्ण वाळलेले असते आणि वणवा लागला तर वाऱ्याबरोबर तो शेजारच्या काजूबागेत शिरतो. त्यामुळे शेकोटीचा हट्ट मुलांनी या वेळी सोडावा. स्वयंपाक गॅसच्या लहान स्टोव्हवर, मोकळ्या जमिनीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून करावा, आणि थंडी वाजली तरी स्टोव्ह तंबूच्या आत पेटवू नये, कारण बंद जागेत साचणारा विषारी वायू झोपेतच जीव घेऊ शकतो.

नेहमीच्या लोखंडी खुंट्या वाळूत टिकत नाहीत आणि कातळात शिरतच नाहीत. वाळूसाठी कापडी पिशव्या न्याव्यात. त्या वाळूने भराव्यात, तंबूची दोरी पिशवीच्या तोंडाला बांधावी आणि पिशवी हातभर खोल पुरून वर वाळू दाबावी. कातळावर तंबू स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा असावा आणि दोऱ्या जड दगडांना बांधाव्यात. दुपारी समुद्राकडून खारे वारे जोरात येतात. उत्तररात्री ते पडतात आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तंबूचे दार समुद्राकडे ठेवून झोपलेल्यांना पहाटे पाठीमागून गार वारा लागतो, म्हणून जमिनीकडची बाजू नीट बंद होते ना हे आधी पाहावे. दंव इतके पडते की सकाळी वरचे कापड भिजलेले असते. ते वाळल्याशिवाय घडी घालू नये. सकाळी घाईने निघण्याचा बेत म्हणूनच करू नये. ९ वाजेपर्यंत ऊन घेऊन मग निघावे.

सुरसागरकाठ

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. वेंगुर्ले सोडण्याचा निर्णय आम्ही रात्रीच्या जेवणाच्या वेळी एकमताने घेतला. खोली आणि खळे ही कल्पना सासूबाईंना फार आवडली. त्यांनी स्वतःही एक रात्र तंबूत झोपण्याची इच्छा बोलून दाखवली आहे. दोन शंका उरतात. भरतीच्या वेळा आम्ही कशा ओळखाव्यात? आणि वेळासला कासवे पाहायला मिळावीत असा मुलीचा आग्रह आहे, तर जानेवारीत ते शक्य आहे का?

तिथीवार यांचे उत्तर

चिरंजीव ताई, मी रावपुऱ्यात राहणारा जुना माणूस, परंतु माझे बालपण हर्णै बंदरात गेले. भरती ओळखण्याची जी रीत आमच्या घरात सर्वांना पाठ होती ती सांगतो. पंचांगातली तिथी घ्यावी आणि तिला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्हींना पंधरा धरावे, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य पक्षांत हिशेब एकच. दिवसा एकदा आणि रात्री एकदा अशी भरती येते, आणि मधल्या सहा तासांनी ओहोटी लागून पाणी तळाला जाते. हा अदमास आहे. बंदरागणिक वेळ थोडी पुढेमागे होते, म्हणून खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवर, उतरण्यापूर्वी त्या दिवसाचा छापील तक्ता पाहावा किंवा गावातील कोळी बांधवांना विचारावे. पण हिशेब मुलांना जरूर शिकवा. बोटावर तिथी मोजून समुद्र आता चढत आहे की उतरत आहे हे सांगता येऊ लागले की त्यांचा समुद्राशी वागण्याचा ढंगच बदलतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे उधाणाची भरती असते; पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि चढउतार कमी असतो. तंबू पुळणीलगत असेल तर वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी सर्वांत वरची रेघ दिसते तिच्याही पुष्कळ वर, झाडोरा सुरू होतो तेथे असावा. आपण बडोदेकर कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाला जातो, तेथे देऊळ पाण्याखाली जाताना पाहतो. खंबायतच्या आखातात भरती आणि ओहोटी यांत १० मीटरांहून अधिक फरक पडतो. कोकणात तो त्या मानाने बराच कमी आहे. म्हणून कोकण निर्धोक आहे असे मात्र समजू नये, कारण स्तंभेश्वराला पाणी संथपणे वर येते आणि कोकणच्या खडपांवर ते लाटेच्या रूपाने आदळते.

दोन जागांचे नाव घेऊनच सांगतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकावरून जाते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने त्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडली आहेत आणि पाहत राहावे असे ते दृश्य आहे. ही प्रदक्षिणा फक्त ओहोटीला, पाणी उतरत असतानाच करावी. चढत्या पाण्यात तेथे माणसे ओढली गेली आहेत. दुसरी जागा हेदवीची बामणघळ. खडकातील त्या अरुंद चिरेत भरतीचे पाणी घुसून उंच उसळते. ती भरतीलाच पाहण्याची गोष्ट आहे, परंतु ती लांबून आणि कोरड्या खडकावर उभे राहून पाहावी. ओला खडक याचा अर्थ लाट तेथवर येऊन गेली आहे.

मोटार वाळूवर घालू नये, हे यजमानांना माझ्यातर्फे सांगावे. चाके रुतल्यावर पाणी थांबत नाही.

हर्णैला गेलात तर संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव भरतो तो मुलांना दाखवा. तेथून समोर सुवर्णदुर्ग दिसतो.

रानवाट यांचे उत्तर

कासवांविषयी लिहिते. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभे केले आणि पुढे तेच काम किनाऱ्यावरील इतर गावांत पोहोचले. मादी रात्री पुळणीवर येऊन वाळूत खड्डा करते आणि एका वेळी सुमारे शंभर अंडी घालते. ती उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. अंडी घालण्याचा हंगाम थंडीत असल्यामुळे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्याचा खात्रीचा काळ फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढे येतो. जानेवारीत पिल्ले दिसतीलच असे मुलीला सांगू नका. त्याऐवजी पहाटे कासवमित्रांबरोबर पुळणीवर फिरण्याची परवानगी मिळते का ते पाहा. मादीच्या परांच्या खुणा वाळूत कशा उमटतात आणि घरटे कसे शोधून कुंपणात हलवले जाते, हे मला स्वतःला पिल्ले पाहण्याइतकेच मोलाचे वाटते.

तंबूचा या विषयाशी थेट संबंध आहे. मादी उजेड आणि हालचाल पाहून अंडी न घालताच माघारी वळते. वेळास, आंजर्ले, गुहागर या पुळणींवर कासवे येतात, म्हणून तेथे रात्री पुळणीवर कंदील, विजेऱ्या, मोटारीचे दिवे काहीही नसावे. तंबू आगराच्या आत असेल तर हा प्रश्नच येत नाही. ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले आहे, त्यामुळे घरट्याजवळ जाणे किंवा छायाचित्रासाठी झोत टाकणे हा साधा अतिउत्साह राहत नाही.

दवाखाना यांचे उत्तर

मी डॉक्टर आहे. वर सर्वांनी उत्तम लिहिले आहे, परंतु फुरशाचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहीत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळांवर हा लहान विषारी साप मोठ्या संख्येने आढळतो. दिवसा तो दगडाखाली असतो. तंबू बांधण्यासाठी दगड लागतील, तर ते मुलांना हाताने उचलू देऊ नयेत. आधी काठीने उलटवावेत. रात्री चालताना बूट आणि विजेरी असावी, आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि सुरुवातीला जखम किरकोळ दिसते, त्यामुळे लोक थांबतात. तसे थांबू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, आवळून न बांधता, चिरा न देता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. प्रत्येक मुक्कामाला जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते हे झोपण्यापूर्वी घरमालकांना विचारून ठेवावे.

विंचवाबाबतही तेच. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश मुलांना विशेष धोकादायक असतो. दरदरून घाम, उलटी आणि हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसताच वेळ घालवू नये. रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने हे मृत्यू टाळता येतात हे दाखवून दिले. औषध घरी देऊ नये, पण उपचार आहे आणि तो वेळेत मिळाला पाहिजे, हे लक्षात असावे. सासूबाईंची नेहमीची औषधे दोन ठिकाणी वाटून ठेवावीत.

कातळशिल्प यांचे उत्तर

माझे मत थोडे निराळे आहे. झाडीच हवी असेल तर वरचा मार्ग बरोबर. पण रौद्र किनारा हवा असेल तर तो जयगडच्या दक्षिणेला आहे. रत्नागिरीच्या उत्तरेचा आरे-वारे रस्ता, पुढे पावस, पूर्णगडावरून दिसणारे मुचकुंदीचे मुख आणि कशेळीचा कडा या पट्ट्यात जांभ्याचे सडे समुद्रावर एकाएकी तुटतात. कशेळी आणि बारसूच्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत, आणि कोकणातील या शिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. गुहागरहून तवसाळ-जयगड फेरीने दोन दिवस जरी दक्षिणेला दिले तरी एवढे होते. परतताना हातखंब्याला महामार्ग मिळतो. दिवेआगरचा एक दिवस कमी करून हे करावे, असे मी सुचवेन.

सुरसागरकाठ

सर्वांचे पुन्हा आभार. आता ठरले ते असे. पहिला मुक्काम पेण, मग सुपेगाव, मग हरिहरेश्वर. त्यानंतर वेळास आणि आंजर्ले येथे खळ्यात तंबू, गुहागरला व्याडेश्वर, आणि २६ जानेवारीच्या गर्दीपूर्वी वेळ उरला तर तवसाळची फेरी ओलांडून कशेळीपर्यंत जाऊ. न उरल्यास गुहागरहूनच चिपळूणमार्गे परतू. मुलीने पंचांग समोर घेऊन प्रत्येक मुक्कामाची भरतीची वेळ वहीत लिहायला सुरुवात केली आहे, आणि मुलगा मांडवीतून वाळूच्या पिशव्यांसाठी जाड कापड आणणार आहे. खाद्यपदार्थांचे डबे रात्री गाडीतच ठेवावेत असे आम्ही गृहीत धरले आहे. ते योग्य आहे ना?

जांभादगड

अगदी योग्य, आणि काचा पूर्ण बंद ठेवाव्यात. रात्री कोल्हे आणि गावची कुत्री येतात, सकाळी माकडे येतात, आणि गावाजवळ बिबट्याचाही वावर असतो, म्हणून खरकटे तंबूपाशी टाकू नये. ओला कचरा घरमालकांना विचारून आगरातील खड्ड्यात टाकावा आणि प्लॅस्टिक सगळे गोणीत भरून पनवेलपर्यंत परत आणावे, कारण लहान गावांत ते नेण्याची व्यवस्था बहुधा नसते. गुहागरच्या मुक्कामाची तारीख निश्चित झाली की येथे कळवा. आमच्या वाडीतल्या घराचे खळे मोकळे आहे का, ते मी घरी विचारून सांगतो.